ओढ्यापलीकडचा पाहुणा

नागम्माने ताट पुढे ठेवले, पण धोंडीबाला घास गिळवेना. त्याच्या गावच्या दगडाने डोके फुटलेला शिवलिंग तिचाच मुलगा. तो उमरग्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होता.

ओढ्याच्या एका काठाला महाराष्ट्रातले धोंडीबाचे गाव, दुसऱ्या काठाला कर्नाटकातले नागम्माचे. बंधाऱ्याच्या पाण्यावरून दोन्ही गावांत दगडफेक झाली होती. असे भांडण पेटले, की समेट होईपर्यंत दोन्हीकडचा एकेक माणूस समोरच्या गावात जाऊन राहायचा, असे जुन्या माणसांनी ठरवलेले. आपला माणूस तिथे आहे म्हटल्यावर उचललेला हात थांबतो. तीस वर्षांत ही वेळ आली नव्हती. या खेपेला बैठकीत कुणीच मान वर करीना, तेव्हा जन्मभर नळाचे पाणी सोडणारा धोंडीबा उठला आणि नागम्माच्या घरी राहायला गेला. तिकडून तिचा नवरा, शिवलिंगचा बाप बसप्पा आला आणि धोंडीबाच्या घरी राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात बातमी फिरली, शिवलिंग गेला. नागम्माच्या दारासमोर माणसे जमू लागली. काहींच्या हातांत काठ्या होत्या. तेवढ्यात धोंडीबाच्या बायकोचा, कडूबाईचा फोन आला. तिच्याही कानावर ते आले होते. मागच्या दाराने निघून या, म्हणून ती रडू लागली.

धोंडीबा म्हणाला, "म्या इथनं गायब झालो तर आपली माणसं म्हणतील, धोंडीबाला मारलं. मग बसप्पाला कोण सोडंल? तू दारात बस. कुणाला आत येऊ दिऊ नको."

त्याने फोन ठेवला. त्याचे बोलणे नागम्माने ऐकले होते. मुलगा आहे की गेला, हे तिलाही ठाऊक नव्हते. ती उठली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. बाहेरच्यांना ती कानडीत म्हणाली, की हा माझ्या घरचा पाहुणा आहे, आत जायचे तर मला तुडवून जा. मग मागे न बघता म्हणाली, "अण्णा, तुमी जेवा."

तासाभराने दवाखान्यातून फोन आला. शिवलिंगने डोळे उघडले होते. तेव्हा कुठे नागम्मा रडली.

तिसऱ्या दिवशी पाण्याच्या पाळ्या ठरल्या. दोन्ही पाहुण्यांना एकाच वेळी निरोप दिला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात मधोमध धोंडीबा आणि बसप्पा समोरासमोर आले. धोंडीबाने बसप्पाचा हात धरला आणि दोघे तिथेच वाळूत बसले. दोन्ही काठांवरची माणसे त्यांच्या उठण्याची वाट बघत उभी राहिली.