कृष्णाबाईंचं सोवळं

मी बोलतेय, रबराची एक रिंग. माझं राहायचं ठिकाण सांगितलं तर तुम्ही पदर तोंडाला लावाल. पण ज्या बायकांचं अंग बाहेर येतं, त्या मात्र कान देऊन ऐकतील.

जन्मानं मी झाडाचा चीक. धुक्यातल्या डोंगरउतारावर थेंबथेंब करवंटीत उतरत होते; अजून मला त्याचीच स्वप्नं पडतात. पुढे कारखान्यात गोल झाले आणि बेंगळूरला बायकांच्या एका दवाखान्यात, काचेच्या बरणीत येऊन पडले. तिथून डॉक्टर वसुमतींनी साठ साली मला कृष्णाबाईंच्या हवाली केलं.

कृष्णाबाई मूळच्या निपाणीच्या. मुलगा उपेंद्र विमानांच्या कारखान्यात, म्हणून इथे क्वार्टरमध्ये राहायच्या. सोवळं असं कडक, की शेजारणींनी उदाहरण द्यावं. सारखी आंघोळ, हळदीकुंकवाला गेल्या तर जाजमावर न बसता दाराशी उभ्या, आणि नातवाला कधी मांडीवर घेणं नाही. खरं कारण वेगळंच. शिंक आली, हसू आलं, की लघवी सुटायची. ओली बाळंतीण असतानाच विहिरीवरून घागरी वाहिलेल्या, तेव्हापासून अंग खाली उतरलेलं, त्याचं हे. लोकांनी त्याला सोवळं म्हटलं आणि बाईंनी ते पांघरून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सून अलका पुण्याची. तिला वाटायचं, आपण पारोशानं स्वयंपाकघरात जातो म्हणून सासू आपल्या पोराचाही विटाळ मानते. तिनं नवऱ्यामागे वेगळ्या बिऱ्हाडाचा लकडा लावला होता, मल्लेश्वरमला जागाही बघून ठेवली होती. नातू हातचा जाणार हे कृष्णाबाईंना कळत होतं, पण कारण सांगायला जीभ रेटत नव्हती.

एकदा बाळाचे लंगोट वाळत घालताना अलकाला मागच्या दोरीवर, लुगड्याआड लपवलेल्या जुनेराच्या घड्या दिसल्या. त्या बाळाच्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ती सासूला म्हणाली, मला डॉक्टरांना दाखवायचंय, सोबत चला. आत गेल्यावर मात्र हळूच म्हणाली, "मला काही झालेलं नाही. आईंना तपासा."

कृष्णाबाई तिथेच रडल्या. वसुमतीबाईंनी त्यांना रडू दिलं. मग समजावलं, की लघवी अडवताना आवळतो ते स्नायू रोज आवळायचे आणि सोडायचे, उतरलेल्या अंगाच्या आधाराला आत रबराची रिंग बसवायची, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशन आहेच. "अक्का, स्वल्प, थोडं आधी यायचं होतं," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं उगीच सोसलंत."

माझ्याआधी लहान मापाची एक बसवली होती, ती निसटली. मग माझी निवड झाली. अधूनमधून दवाखान्यात काढून धुतात, तेवढाच काय तो मला उजेड. एरवी इथे ऊबदार काळोख आहे, झोप लागावी असा. बाहेरचं बोलणं विहिरीच्या तळाशी ऐकू यावं तसं येतं. बाई पूजेला बसल्या की जपमाळ ओढता ओढता आपला व्यायाम उरकतात. भोवतालच्या भिंती मला हलकेच धरतात, सोडतात. देवाला कळत असणारच, पण तो रागावत नाही. काही महिन्यांनी जुनेराच्या घड्या जवळजवळ बंद झाल्या.

चैत्रात घरी हळदीकुंकू होतं. कृष्णाबाई पहिल्यांदाच जाजमावर टेकल्या. अलकानं काही न विचारता बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते ओझं मला खालून कळलं, कोवळं आणि वळवळतं. आणि पठ्ठ्यानं काय करावं? आजीची मांडी चिंब केली. बायकांना वाटलं, आता ह्या उठणार, आंघोळीला धावणार, सुनेचा उद्धार होणार.

बाई उठल्या नाहीत. बाळाला आणखी जवळ ओढून म्हणाल्या, "भिजलं तर भिजलं. वाळेल." आणि हसल्या, कितीतरी वर्षांनी अशा मोठ्यानं, पोट धरून. मी आपली जागा सोडली नाही.

आता मी जुनी झालेय, लवकरच माझ्या जागी नवी येईल. जाताना एवढंच मागते. तुमच्या घरातही कुणी सगळ्यांपासून दूर दूर बसणारी असेल, तर तिच्यावर रुसण्याआधी जवळ जाऊन विचारा, बाई गं, तुला होतंय तरी काय?