नकली ठरलेला विसरूमास्तर

मित्रांनो, मी एक जुने कापडी गाढव आहे. हातात मोज्यासारखे चढवून नाचवायचे असते ना, तसले. माझा डावा कान उसवला आहे आणि तारेच्या चष्म्यावर गंज चढला आहे. तरीही एकेकाळी मला पाहून आजारी मुले कडू औषध हसत हसत घ्यायची.

मला घडवले ते रुग्णालयात चादरी आणि अभ्रे शिवणाऱ्या बाईंनी. सगळे त्यांना आत्या म्हणत. मुलांच्या विभागात एक मुलगी सुईच्या भीतीने रडायची थांबेना, तेव्हा आत्यांनी फाटक्या करड्या ब्लँकेटमधून मला शिवले.

"मी विसरूमास्तर! सुई कुठं टोचायची तेच विसरलो बघ. नाकावर का?" मी विचारले, म्हणजे आत्यांनीच विचारले, आणि ती मुलगी रडता रडता खुदकन हसली.

मग रोज काम आटोपले की आम्ही दोघे खाटांमधून फिरायचो. माझ्या सगळ्या गोष्टी आत्यांनीच रचल्या. त्यांच्या भाचीने त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या.

एकदा खेळणी बनवणाऱ्या कंपनीतले एक गृहस्थ तिथे आले.

"आत्या, याचा फोटो काढू का?"

"काढा की! आणि बसा, एक गोष्टही ऐका," आत्या खुलून म्हणाल्या.

एक नाही, त्यांनी चांगल्या चार-पाच ऐकल्या. पुढे दुकानांच्या काचेमागे मी दिसू लागलो. तोच चेहरा, तोच चष्मा आणि सोबत माझ्याच गोष्टींची पुस्तिका. लेखक म्हणून नाव मात्र त्या गृहस्थांचे!

"जाऊ दे गं, मुलं हसतायत ना?" आत्या भाचीला म्हणाल्या. पण एके दिवशी नव्याने दाखल झालेला एक मुलगा ओरडला, "हे नकली आहे! खरं गाढव माझ्या घरी आहे. तुम्ही त्याच्या गोष्टी चोरल्यात!"

आत्यांनी माझ्यातून हात काढून घेतला. गोष्ट अर्धीच राहिली. त्यांनी मला कपाटात ठेवले आणि पुन्हा कधीच बाहेर काढले नाही.

भाचीला ते पाहवेना. तिने एका वकीलबाईंना गाठले. "पण आम्ही कुठंच नोंद केली नव्हती हो," ती म्हणाली.

"नसू दे. आत्यांनी गोष्टी रचल्या आणि तुम्ही त्या रेकॉर्ड केल्या, तेव्हाच त्यांचा हक्क झाला. यालाच कॉपीराइट म्हणतात. चष्मेवालं गाढव कुणालाही सुचेल, नुसत्या कल्पनेवर हक्क सांगता येत नाही. पण हा चेहरा आणि हे शब्द आत्यांचे आहेत. फोटो काढू दिला म्हणजे विकायची परवानगी दिली, असं होत नाही."

वकीलबाईंनी पाठवलेले रेकॉर्डिंग ऐकल्यावर कंपनी नरमली. पुस्तिकेवर आत्यांचे नाव छापायचे तिने कबूल केले. पण छपाईला वेळ लागला आणि त्याच हिवाळ्यात आत्या अंथरुणाला खिळल्या. नवी पुस्तिका आली तेव्हा त्यांची खाट रिकामी होती.

भाचीने नावावरून बोट फिरवले. "आत्या, छापलं गं," एवढेच म्हणाली आणि ढसाढसा रडली. मला रडता आले नाही. मला हलवणारा हातच उरला नव्हता.

मित्रांनो, कुणाचे चित्र, गाणे, गोष्ट आवडली तर सगळ्यांना जरूर सांगा. पण ते वापरण्याआधी विचारा. ज्याचे आहे त्याचे नाव घ्या. आणि ते नाव त्याच्या कानांवर पडेल, अशा वेळी घ्या.