पोटात टाचणी असलेला गुलाब

मी गुलाब बोलतोय. गाजराचा. हसू नका, आणि लगेच माझ्यावर विश्वासही ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही. जमिनीखाली वाढलेल्याला तशी सवयच लागते. वर कोण चाललंय, कशासाठी थांबलंय, हे नुसत्या पावलांवरून ओळखायचं. थांबलेलं प्रत्येक पाऊल मला उपटायलाच आलंय, असं मी धरून चालायचो. एका सकाळी ते खरं ठरलं.

बाजारात भाजीवाली आमच्यावर सारखं पाणी मारायची. कालचा माल आजचा दिसावा म्हणून, दुसरं काय! गिऱ्हाइकं यायची, वास घ्यायची, शेपूट मोडून बघायची, नाकं मुरडायची. त्यांचं मला काही वाटायचं नाही. त्यांची लबाडी उघड होती.

मग तो आला. उंच, खांद्यातून थोडा वाकलेला, गळ्यात कापड मोजायची टेप. त्याने भाव केला नाही. एकेक गाजर हातात घेऊन सरळ आहे का, डाग आहे का, ते बघत बसला. शेवटी मला उचललं आणि चक्क टेपवर धरलं.

"कशाला हवंय एवढं मापून?" भाजीवालीने विचारलं.

"फुलं करायचीत," तो म्हणाला.

तिने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

तो शिंपी निघाला. तयार शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात काम करायचा आणि सगळे त्याला मास्तर म्हणायचे. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्याने ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, मला आडवं केलं आणि कानामागचा खडू काढून माझ्यावर रेघा मारल्या.

"अरे, खडू काय लावतोस?" ताई ओरडली. "खायचंय ना ते?"

"कापायच्या आधी आखायला नको?"

"शर्ट आहे का तो? धू आधी!"

त्याने मला धुतलं, सोललं, माझ्या लांब पातळ पट्ट्या काढल्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवल्या. माझा सगळा ताठा गेला. मग एकेक पट्टी गुंडाळत त्याने मला फूल केलं. शेजारी मुळ्याची पांढरी फुलं झाली, काकडीच्या कळ्या झाल्या, पालकाची पानं झाली. दिसत होतो आम्ही छान, खोटं कशाला बोलू? पण कुणी उगाच एवढा सजवत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्याची कामाची एक रीत होती. आधी टाचणीने टाचायचं, मग पक्कं करायचं, मग टाचणी काढायची. आमचंही त्याने तसंच केलं. पाकळ्या टाचल्या, बांबूची बारीक काडी खोवली, टाचणी उपसली आणि ओठांत धरली. तो डावखुरा होता, त्यामुळे त्याच्या टाचण्या इतरांपेक्षा उलट्या बाजूने शिरायच्या. ओठांत टाचण्या असल्या की माणसाला बोलावं लागत नाही, हेही त्याला सोयीचं पडत असावं.

"कारखान्यातल्या त्या चेकरबाईसाठीच ना?" ताईने विचारलं.

"हं."

"मग फुलं द्यायची सरळ."

त्याने ओठांतल्या टाचण्या काढून टाचण्यांच्या उशीला टोचल्या. "मागे एकाला निरोप देताना हार आणला होता. ती म्हणाली, उद्या कचऱ्यात जाणार तो. त्यापेक्षा खायला काही आणलं असतं तर! दुपारच्या सुट्टीत ती रोज कच्चं गाजर खाते, ताई. मीठ लावून."

"बघतोस की बारीक! आणि विचारणार काय आहेस?"

"लग्नाचं."

"नाही म्हणाली तर?"

"तर भाजी तरी घरी येईल."

ताई खो-खो हसली. तो कानापर्यंत लाल झाला, आणि त्या गडबडीत माझ्या बुडाशी टोचलेली टाचणी काढायची राहिली. त्याने मला कोबीच्या पानात बसवलं, सगळ्यांना मिळून दोरा बांधला आणि डब्यात ठेवलं. टाचणी माझ्या पोटातच.

विसरला म्हणायचं? मला नाही पटलं. जो माणूस गाजर टेपने मोजतो, तो टाचणी विसरतो?

कारखान्यात डबा इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवला गेला. झाकण पुरतं लागलं नव्हतं, तेवढ्या फटीतून मी कान दिले. इस्त्रीवाला शेजारच्याला सांगत होता, "एक्सरेबाईने आज परत मास्तरचे शर्ट फिरवले. टाचणी राहिली म्हणे कॉलरमध्ये."

एक्सरेबाई म्हणजेच ती चेकरबाई. शिवलेला प्रत्येक शर्ट तिच्या टेबलावर जायचा. ती त्यावरून सपाट हात फिरवायची. चूक सापडली की तिथे लाल बाणाचा स्टिकर लावायची आणि शर्ट शिवणाऱ्याकडे परत. सगळ्यांत जास्त लाल बाण मास्तरच्या वाट्याला यायचे.

झालं, माझी खात्री पटली. हा सूड होता! ताईला सांगितलेलं लग्नबिग्न सगळं थाप. चारचौघांत हिचे बाण खाऊन खाऊन याचं डोकं फिरलं होतं, आणि माझ्या आडून तो तिचं तोंड फोडणार होता. मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब मारली असती.

"तिला कोण काय देणार?" इस्त्रीवाला पुढे म्हणाला. "मागे आपण चमकीच्या कागदात चिंध्या बांधून तिच्या टेबलावर ठेवल्या होत्या, आठवतं? उघडल्यावर काय तोंड झालं होतं! रडलीच होती."

ते दोघं हसले. मला हसू आलं नाही.

दुपारच्या सुट्टीत कारखाना रिकामा झाला. मास्तरने डबा उचलला आणि तिच्या टेबलापाशी जाऊन झाकण काढलं. चाळिशीची, बारीक चणीची बाई. केस घट्ट बांधलेले आणि नजर त्याहून घट्ट. तिने डब्यात पाहिलं आणि लगेच दाराकडे पाहिलं.

"कोण कोण आहे बाहेर?"

"कुणी नाही."

"खोटं बोलू नका, मास्तर. इस्त्रीवाल्याने पाठवलं ना तुम्हाला? गाजराची फुलं! आता मी हात लावला की सगळे आत येऊन हसणार." तिचा आवाज चिरका झाला होता. "एकदा हसलात, पुरे झालं."

मास्तरने तोंड उघडलं. ओठांत एकही टाचणी नव्हती, तरी शब्द फुटेना. मी मनात म्हटलं, पकडला गेला!

"परत न्या," ती म्हणाली. पण हात सवयीने पुढे आला. आलेला माल न तपासता परत करणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने मला पानातून उचललं, तळव्यावर घेतलं, अंगठ्याने बुडाशी दाबलं आणि थांबली. मग दोन नखांत धरून तिने टाचणी बाहेर ओढली.

मास्तरचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, देवाशपथ, मी... तुम्ही खाल्लं असतं तर!" तो मटकन स्टुलावर बसला. इतका वेळ मी ज्याला खुनी ठरवलं होतं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला लाज वाटली, पण थोडीच. माणसं नाटकीही असतात.

ती मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. ती टाचणी उजेडात धरून बघत होती, आणि मग माझ्या अंगावरचं भोक.

"उलट्या बाजूने शिरलीय," ती हळूच म्हणाली. "अशी या कारखान्यात तुम्हीच लावता."

"हो."

"म्हणजे हे त्या लोकांनी केलेलं नाही. तुम्ही स्वतः बसून केलंत."

"सकाळपासून."

"माझ्यासाठी?"

त्याने मान डोलावली. चिंध्या बांधायला कुणीही चालतं. पण हे फूल कुणाच्या हातचं, याचा पुरावा त्या विसरलेल्या टाचणीने दिला होता, आणि तो ओळखू शकेल अशी जगात एकच बाई होती.

तिने टाचणी स्वतःच्या कॉलरला खोचली. "बोला मग. काय सांगायचं होतं?"

"माझ्याशी लग्न कराल का?" तो एका दमात म्हणाला, जणू दोरा सुईतून निसटेल अशी भीती होती.

तिचा हात लाल बाणांच्या पट्टीकडे गेला. मी म्हटलं, आता लागणार बाण! पण तिने पट्टी उचलून खणात टाकली.

"मीठ आणलंत का?"

त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. पुडी खडूच्या शेजारीच होती. तिने उघडली, वास घेतला, डोळे बारीक केले. "मीठच आहे ना? खडूची पूड नाही?"

"आधी मी खातो," म्हणत त्याने चिमूटभर जिभेवर टाकलं. तिने त्याचं तोंड नीट बघितलं, वाकडं होतंय का ते. मग हसली. ती हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि बहुधा त्यानेही.

"संध्याकाळी ताईंना भेटायला येते," ती म्हणाली. "पण तुमचे शर्ट मी तरीही परत पाठवणार."

"पाठवा," मास्तर म्हणाला. "रोज पाठवा."

आता मी अर्धा उरलोय. बाहेरच्या पाकळ्या तिने खाल्ल्या, मीठ लावून, सावकाश. उरलेला मी तिच्या दोन बोटांत आहे, आणि ही बोटं कुठे चाललीत ते मला दिसतंय. मला तक्रार नाही. फक्त जाण्याआधी एक सांगतो. कुणी काही हाताने करून आणलं, तर खुशाल संशय घ्या. उलटंपालटं करा, दाबून बघा, टाचणी असेल तर ओढून काढा.

पण एवढं सगळं तपासून झाल्यावर, कृपा करून, खा.