रोजचा फवारा आणि शनिवारचा नाच

मित्रांनो, मी एक जुना इनहेलर आहे. तोंडात धरून ओढायचा औषधाचा फवारा. माझ्या पोटात एक सोडून दोन औषधं होती. एक आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करायचं, दुसरं त्यांची सूज उतरवायचं. मी असलेल्या घरात कुणी धापा टाकूच शकत नाही, असा माझा दावा होता.

पहिले काही आठवडे मी बिस्किटांच्या डब्यामागे पडून होतो. घरात धापा चालूच.

माझे मालक ऑर्विल, अमेरिकेतल्या केंटकीच्या कोळसा खाणीतून छातीत धूळ घेऊन रिटायर झालेले. दर शनिवारी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये जोड्यांचा नाच व्हायचा. ऑर्विल माइकवरून पुकारतील तसं सगळ्यांनी नाचायचं. पण हल्ली त्यांचा दम पुरेना. "आणखी एकदा अडकलास, तर माइक काढून घेईन आणि टेप लावीन," असं फायर चीफ बर्लने बजावलं होतं.

तरी ऑर्विल मला हात लावेनात. "एवढं भारी औषध रोज कशाला उडवायचं? ऐन नाचाच्या वेळी घेतो की!"

"अरे म्हाताऱ्या, डॉक्टरीणबाई रोज सकाळ-संध्याकाळ म्हणाली होती," त्यांची बायको डेल्फा म्हणाली.

"ती नाचाला येते का?"

शनिवारी त्यांनी मला न हलवताच पटापट सहा वेळा दाबलं. अर्धं औषध मिशीत गेलं. ऐन धापेला धावून येणारा फवारा वेगळा असतो, मित्रांनो. मी रोज थोडंथोडं काम करणारा. एकदम एवढं औषध गेल्याने ऑर्विलची छाती धडधडायला लागली आणि "डावीकडे गोल फिरा!" एवढं पुकारून त्यांचा श्वास संपला.

पुढचा पुकारा येईपर्यंत थांबायचं नाही, हा तिथला रिवाज. माणसं फिरत राहिली. फिडलवाला वाजवत राहिला. शेवटी एक आजी केकच्या टेबलावर आडव्या झाल्या, तेव्हा नाच थांबला.

"आता गावच्या जत्रेतल्या नाचाला शेवटची संधी," चीफ पोटरी चोळत म्हणाला.

मग डेल्फाने मला टूथब्रशशेजारी बसवलं. मला हलवायचं, श्वास पूर्ण सोडायचा, दाबता दाबता सावकाश ओढायचा, थोडा धरून ठेवायचा, मग चूळ भरायची. ऑर्विल चूळ भरायचे नाहीत, म्हणून घसा बसला, जिभेवर पांढरा थर आला.

"चूळ भर आणि थुंक!" डेल्फा ओरडायची. "कॉफी प्यायली म्हणजे चूळ झाली नाही!"

हळूहळू ऑर्विल जिना चढतानासुद्धा बडबडायला लागले. डेल्फाला आधीची शांतता आठवायची. माझं कौतुक मात्र कुणी केलं नाही. बरं वाटायला लागलं की औषधाचा विसर पडतोच.

आता मी रिकामा आहे. तुमच्या आजोबांकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला मोठ्या दिवसासाठी जपून ठेवू देऊ नका. बरं वाटत असलं तरी डॉक्टरांनी सांगितलंय तसं रोज घ्यायला लावा. आणि चूळ!

जत्रेत ऑर्विलनी स्टुलावर बसून पाऊण तास पुकारे केले. कुणाला दम खाऊ द्यायचा असतो, हे त्या आनंदात त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. चीफ बर्ल धाप लागून खाली बसला. त्याला त्याच्याच ॲम्ब्युलन्समधून दवाखान्यात न्यावं लागलं.