काटा बरोबर होता

"म्हणजे दोन महिने गोळी घेतलीच नाहीत?" सिस्टरांनी रिपोर्टावरची नजर वर उचलली.

मिस्त्रींनी मान खाली घातली. कपडे धुण्याच्या कारखान्यात ते तीस वर्षं बॉयलर सांभाळत होते. दाबाचा काटा जागेवर असला की कशालाही हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. कुणी तो मोडला की मिस्त्री आकाशपाताळ एक करत. तोच नियम त्यांनी स्वतःच्या देहाला लावला. बीपी एकशेवीसवर आलं आणि यांनी गोळी बंद केली. बायकोला सांगायची मात्र छाती झाली नाही.

"काटा बरोबर होता ना, सिस्टर."

"काका, गोळी बीपीचीच आहे, पण तुम्हाला दिलीय ती मूत्रपिंडासाठी. तुमच्या लघवीतून प्रथिनं जातायत. आतल्या बारीक चाळण्यांवरचा ताण ती कमी करते. तो ताण बीपीच्या मशीनवर दिसत नाही."

मिस्त्रींचा थोरला भाऊ आठवड्यातून तीनदा डायलिसिस करत चार वर्षं जगला होता.

"उशीर झाला का हो?"

"गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखू. पण हुशारी बॉयलरपाशी ठेवा. काहीही बंद करावंसं वाटलं, तर आधी इथे विचारायचं. आणि दोन आठवड्यांनी रक्त तपासायला यायचं."

घरी त्यांनी साठलेल्या गोळ्या बायकोपुढे ठेवल्या. तिने त्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाली, "मला सांगितलं असतंत, तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

वर्षभर एकही गोळी चुकली नाही. आज रिपोर्ट आला. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन गेल्या वर्षीएवढंच, प्रथिनं निम्म्याहून कमी. डॉक्टर "छान" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

सिस्टर एका आजींचं बीपी बघत होत्या. मिस्त्री थांबले.

"सिस्टर, थोरल्याच्या वेळी आम्हाला असं बसवून कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत. तुमचे उपकार..." त्यांनी हात जोडले.

"गोळी तुम्ही घेतलीत, काका," सिस्टर म्हणाल्या. "सहा महिन्यांनी या."

डायलिसिसच्या खोलीतून त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ बाहेर येत होते. दंडाला पट्टी, चेहरा थकलेला. जिन्यापाशी येऊन ते कठड्याला धरून थांबले.

"खालीच जायचंय ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो. वेळ लागेल मला. तुम्ही व्हा पुढे."

"मला कसली घाई," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी खांदा पुढे केला.