ढाल केव्हा म्हणायची

चंदन कोणाचंही बोलणं मध्ये तोडत नसे, आणि कुरखेड्यातल्या एका टेबलावर त्याच्या या चांगुलपणापायी वर्षभर माणसं मरत होती. ती माणसं नुसती कागदावरची, पण ज्याचं मरायचं त्याला वाईट वाटायचंच.

टेबल निशाच्या झेरॉक्सच्या दुकानातलं. रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून निशा, चंदन, रोशन आणि मयुरी अशी चौघं कहाणीचा खेळ खेळायला जमत. निशा कहाणी सांगायची आणि राक्षस चालवायची. बाकीच्यांनी आपापलं पात्र सांभाळायचं. वार लागला की चुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. चंदन ढालवाला होता. शेजारच्यावर वार आला तर ढाल आडवी घालून तो अडवायची ताकद त्याला होती, पण एका फेरीत एकदाच. त्यातही अट होती. निशा पुठ्ठ्याआड फासा टाकते तिथपासून ती "लागला" किंवा "चुकला" म्हणेपर्यंतच "ढाल" म्हणायचं. निकाल ऐकून म्हटलेली ढाल फुकट.

निशाला रंगवून सांगायची भारी हौस. "भाला सणसणत आला, वैदिणीनं मान वळवली, आणि…" चंदन मन लावून ऐकायचा, वाक्य पुरं होऊ द्यायचा, मग अदबीनं म्हणायचा, "ढाल."

"याची ढाल तेरवीले पोहोचते," रोशन खिदळायचा.

त्यात चंदनचा दोष म्हणावा तरी कसा? त्याच्या गावात ग्रामसभा झाडाखाली बसते, आणि बोलणाऱ्याला कोणी मध्ये तोडलं तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. विषय बांबूचा असो की तेंदूपानाचा. एकदा एका उतावळ्यानं तोंड घातलं आणि सगळ्या गावाचं जेवण थंड झालं. हे पाहत मोठं झालेलं पोर मध्येच तोंड उघडणार कसं?

आता मात्र प्रकरण टोकाला आलं होतं. मयुरीला नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. येता रविवार तिचा शेवटचा. कॉलेजात मागच्या बाकावर बसणाऱ्या अबोल चंदनला तिनंच ओढून या टेबलावर आणलं होतं. तिची वैदीण या लढाईतून जगली तर निशा तिला कहाणीतल्या गावात घर देणार होती. म्हणजे मयुरी गेली तरी तिचं माणूस इथे राहिलं असतं. चंदनला ते हवं होतं, फार हवं होतं. आणि मागच्या रविवारी त्याचीच ढाल उशिरा आली होती. वैदिणीत आता एका वारापुरता जीव उरला होता.

आठवड्यात तो निशाच्या दुकानात गेला. "निकाल ऐकल्यावर ढाल चालू दे ना. एकच बार."

निशानं मशीन थांबवली. "लागला हे मालूम झाल्यावर कोनीबी आडवा येईल, चंदन. मंग त्यात तुह्यं काय गेलं?"

तिचं बरोबर होतं.

मग त्यानं सराव सुरू केला. माय बोलत असताना मध्येच बोलला. तिनं त्याला ताप आहे का ते पाहिलं. शनिवारच्या सभेत म्हाताऱ्या बुधरीबाई तळ्याच्या पाण्याबद्दल बोलत होत्या, तेव्हा त्याच्या तोंडून "थांबा" निसटलंच. सगळ्यांच्या माना वळल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. बुधरीबाईंनी पदर सावरला आणि शांतपणे पहिल्यापासून सुरुवात केली. पण या वेळी त्या एक गोष्ट जास्तीची बोलल्या: खालच्या टोलीतल्या घरांना पाणी पुरत नाही. ती आधी राहूनच गेली होती. चंदनला नवल वाटलं. मध्ये तोडल्यानं बोलणं मरत नाही, ते नव्यानं सुरू होतं, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

रविवारी राक्षसाच्या दोन्ही हातांत भाले होते. "पहिला उचलला," निशा म्हणाली. पुठ्ठ्याआड फासा खडखडला. "वैदीण चिखलात घसरली, वर पाहते तर भाल्याचं टोक…"

"थांब! ढाल!"

चंदन उभाच राहिला होता. मागे खुर्ची आडवी पडली. रोशनच्या हातातला चिवडा सांडला आणि मयुरीनं टाळी वाजवली.

निशानं पुठ्ठा उचलला. फाशावर तीन होते. तो वार चुकणारच होता.

"ढाल गेली," ती हळूच म्हणाली. "दुसरा भाला बाकी हाये." फासा पुन्हा खडखडला. या वेळी तिनं काही रंगवलं नाही. "लागला."

चंदननं खुर्ची उचलून सरळ केली आणि बसला. वर्षभर उशीर केला, आणि आज घाई.

"माफ कर," तो कसाबसा म्हणाला.

"काऊन?" मयुरी म्हणाली. "तू निशाचं बोलनं तोडलं. माह्यासाठी. याच्या आंधी कोनासाठी तोडलं होतं?" तिनं वैदिणीचा कागद पुढे ओढला. "आता हिचं शेवटचं मी सांगते."

वैदिणीनं आपली औषधी मुळ्यांची झोळी ढालवाल्याच्या हाती दिली, असं तिनं सांगितलं. कोणता पाला तापाला, कोणती साल जखमेला, ते एकेक सांगू लागली. सांगता सांगता तिचा आवाज चिरकला आणि ती गप्प झाली. रोशनला असली शांतता सोसत नाही. त्यानं काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं.

शब्द फुटायच्या आत चंदनचा हात त्याच्यासमोर आडवा झाला.

"थांब बे," चंदन म्हणाला. "तिचं बोलनं पुरं नाई झालं."

मयुरीनं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सुरू केलं.