पोपटचा जोडीदार

पोपटच्या रक्तात सिफिलिस निघाला. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक दीक्षा मॅडमनी त्याला इंजेक्शन देववलं आणि म्हणाल्या, "आता जोडीदाराला आणा. त्यांनाही लागण असणार. त्यांचे उपचार झाले नाहीत, तर तुम्हाला पुन्हा होईल."

"तो नाही यायचा," पोपट म्हणाला.

मॅडमनी 'तो' ऐकलं आणि चेहऱ्यावर काहीही उमटू दिलं नाही. ट्रेनिंगमध्ये तेच शिकवलं होतं. "मारून मुटकून आणा. पण आणा."

आता मार्केट यार्डातल्या हमालाला जोडीदार एकच असतो, पोत्याचं दुसरं टोक धरणारा. पोपटचा साईनाथ. घरी सहा महिन्यांची गरोदर बायको होती, कल्याणी. पण तिला जोडीदार कुणी म्हणत नसे. शिवाय तिच्यापुढे चार महिन्यांपूर्वी लघवीच्या जागी झालेल्या, न दुखणाऱ्या, आपोआप बऱ्या झालेल्या जखमेचा विषय काढावा लागला असता, आणि ती जिच्यामुळे झाली त्या बाईचाही. त्यामानाने साईनाथ सोपा होता.

"चल, इंजेक्शन घ्यायचंय," पोपट म्हणाला.

"कशाचं?"

"गुप्तरोगाचं."

"झालाय कुणाला?"

"मला. पण तू जोडीदार हायस."

साईनाथने शांतपणे दोन किलोचं वजन उचललं आणि पोपटच्या कपाळावर ठेवलं. जोरात ठेवलं. पोपटने रक्त पुसून त्याच्या बरगड्यांत गुडघा घातला. बटाट्याची थप्पी कोसळली. सोडवायला आलेले अडते आप्पासाहेब दोघांच्या मधे आले आणि एका दातासह बाहेर गेले. दात त्यांच्या हातात होता. शेवटी पोपटने साईनाथला सुतळीने बांधून हातगाडीवर टाकलं. वाटेत सिग्नलला तो नियमाप्रमाणे थांबला.

"मारून मुटकून आणलाय," दवाखान्यात तो म्हणाला.

मॅडमनी सुतळी सोडवली, आधी मलमपट्टी करवली, मग फॉर्म काढला. "संबंध कधीपासून?"

"बारा वर्षं," साईनाथ सुजलेल्या ओठांनी म्हणाला.

"वारंवार?"

"रोज. शनिवारी सुट्टी."

"संरक्षण वापरता?"

"पाठीवर गोणपाट घेतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ज्याच्याशी शरीरसंबंध असतो, त्या जोडीदाराबद्दल मी बोलत होते."

साईनाथने पोपटच्या नाकावर डोकं आपटलं. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मग तो मॅडमकडे वळला. "ह्याची बायको सहा महिन्यांची पोटुशी हाय."

मॅडम पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. "पोपट, हा आजार आईकडून पोटातल्या बाळाला जातो. बाळ मेलेलंही जन्मू शकतं. तिला आत्ता इंजेक्शन मिळालं, तर बहुतेक वेळा वाचतं. आजच आणा."

"काय सांगू तिला?"

"जे आहे ते."

पोपटने जे आहे ते सांगितलं. कल्याणी भाकऱ्या थापत होती. तिने शेवटची भाकरी उतरवली, मग त्याच तव्याने त्याचा दंड भाजला, आणि तवा गार होईपर्यंत त्याला मारत राहिली. पोपटने हात मधे घातला नाही.

"एवढ्या दिसांत माझ्या बाळाचं काय झालं असंल?" तिने विचारलं. "रिक्षा बोलाव."

बोटातून थेंबभर रक्त घेतलं. थोड्या वेळाने पट्टीवर दोन रेघा आल्या.

"लागण आहे," दीक्षा मॅडम म्हणाल्या, "पण वेळेवर आलात. आज इंजेक्शन, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी, जन्मल्यावर बाळाचीही. बरं झाल्याचं रक्तात दिसेपर्यंत संबंध नाहीत. आणि पोपट, नंतरही बाहेर गेलात तर कंडोम. दरवेळी."

"नंतर बाहेर जायला ह्यो उरला पायजे," कल्याणी म्हणाली. इंजेक्शन कमरेत गेलं तेव्हा तिने खाटेची कड धरली आणि ओठ आवळले. मग कूस बदलून विचारलं, "मॅडम, त्याला हे किती वेळा दिलं?"

"एकदाच. तेवढं पुरतं."

"आजाराला पुरत असंल. अजून एक द्या."